युरोपला स्वतःचं गूगल नको, मग काय हवं?

जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या तेल कंपनीचे कर्मचारी अचानक आपल्याच ऑफिसच्या ईमेलला मुकले. टीम्स बंद, साठवलेली माहिती बंद. कंपनीचं मुख्यालय मुंबईत, रिफायनरी गुजरातेत वाडीनारला. झालं होतं असं की, युरोपीय संघाने रशियावर निर्बंधांची नवी फेरी जाहीर केली, आणि रोसनेफ्ट या रशियन कंपनीचा मोठा हिस्सा असल्यामुळे त्या यादीत नायराचं नाव आलं. मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. पैसे भरलेले होते, भारतीय कायद्याची कसलीही बंदी नव्हती. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि जुलै संपायच्या आत सेवा परत सुरू झाली.

आपल्याकडे या बातमीची चर्चा भारताच्या अंगाने झाली, ते साहजिकच होतं. पण तिची दुसरी बाजू युरोपला जास्त झोंबणारी आहे. नियम युरोपचा होता, बटण मात्र अमेरिकन कंपनीच्या हातात होतं. उद्या नियम वॉशिंग्टनचा असला आणि ईमेल ब्रसेल्सचा, तर? ही भीती नुसती कल्पनेतली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मुख्य अभियोक्त्यावर निर्बंध घातले. पुढे त्यांचा मायक्रोसॉफ्टचा ईमेल बंद पडल्याच्या बातम्या आल्या. न्यायालयाची सेवा आपण कधीच थांबवली नाही, असा खुलासा कंपनीने केला. खुलाशाने धास्ती गेली नाही. त्याच वर्षी न्यायालयाने ओपनडेस्क या जर्मनीत तयार झालेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या (म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता, बदलता, वापरता येतो अशा सॉफ्टवेअरच्या) संचाकडे वळायचं ठरवलं.

युरोपातल्या क्लाउडच्या बाजारात ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तीन कंपन्यांचा वाटा सुमारे ७० टक्के आहे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने घेतलेले संगणक. दवाखान्यांचे अहवाल, नगरपालिकांची दप्तरं, बँकांचे व्यवहार हे सगळं त्या भाड्याच्या संगणकांवर चालतं. यावर युरोपातले पुढारी पटकन म्हणतात, ‘आपलंही एक गूगल हवं.’ मला हे उत्तर चुकीचं वाटतं. एखाद्या प्रदेशाचं तंत्रज्ञान क्षेत्र निरोगी आहे की नाही, हे तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीच्या आकारावरून कळत नाही. घेतलेली सेवा सोडून दुसरी घेता येते का, आणि तिथे उगवलेली कंपनी तिथेच मोठी होऊ शकते का, यावरून कळतं. या दोन्ही बाबतींत युरोप आज कमकुवत आहे. पण युरोपला तंत्रज्ञान जमतच नाही, ही समजूत साफ खोटी आहे.

टिनचा थेंब

नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हन शहराला लागून फेल्डहोव्हन नावाचं गाव आहे. तिथे एएसएमएल ही कंपनी चिप छापण्याची यंत्रं बनवते. आयफोनची, एनव्हिडियाची किंवा कुठलीही अगदी पुढारलेली चिप घ्या, ती ज्या यंत्रावर छापली जाते ते जगात फक्त ही एक कंपनी बनवते.

चिपवरची नक्षी प्रकाशाने उमटवतात. नक्षी जितकी बारीक, तितकी प्रकाशाची तरंगलांबी कमी लागते. एएसएमएलची सर्वांत प्रगत यंत्रं १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात, आणि तसा प्रकाश देणारा दिवा कुठे मिळत नाही. म्हणून यंत्राच्या आत वितळलेल्या टिनचे थेंब सोडतात. थेंबाची जाडी केसाहूनही कमी, आणि सेकंदाला सुमारे ५०,००० थेंब. प्रत्येक थेंबावर लेझरचा एक हलका फटका बसतो, त्याने तो चपटा होतो. लगेच दुसरा जोरदार फटका बसतो आणि थेंबाचा प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, होऊन हवा तो प्रकाश बाहेर पडतो. हा प्रकाश हवाही शोषून घेते आणि काचही. त्यामुळे सगळं काम निर्वात पोकळीत, भिंगांऐवजी आरशांनी करावं लागतं. हे आरसे जर्मनीतली त्साइस कंपनी घासते. एखादा आरसा जर्मनी देशाएवढा मोठा केला, तर त्यावरचा सर्वांत मोठा उंचवटा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा भरेल. लेझर ट्रुम्फ या दुसऱ्या जर्मन कंपनीचा. प्रकाश निर्माण करणारा भाग सॅन दिएगोतल्या सायमर कंपनीने विकसित केला आणि २०१३ मध्ये एएसएमएलने ती कंपनीच विकत घेतली.

ही कंपनी १९८४ मध्ये फिलिप्स आणि एएसएम इंटरनॅशनल या डच कंपन्यांनी मिळून काढली. सुरुवात आइंडहोव्हनमध्ये फिलिप्सच्या आवारातल्या एका गळक्या शेडमध्ये झाली. त्या काळात या धंद्यात निकॉन आणि कॅनन या जपानी कंपन्यांचा दबदबा होता. टिनच्या थेंबांवर चालणारं यंत्र कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर चिपा छापू लागलं ते २०१९ च्या सुमारास, म्हणजे एएसएमएलने हे संशोधन हाती घेतल्यावर वीसेक वर्षांनी. मधल्या काळात अमेरिकन राष्ट्रीय प्रयोगशाळांचं मूलभूत काम हाती आलं, बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या आयमेक या चिप-संशोधन संस्थेत चाचण्या झाल्या, आणि २०१२ मध्ये इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या चिपा बनवणाऱ्या तीन गिऱ्हाइकांनीच कंपनीत पैसे घातले, कारण यंत्र तयार झालं नसतं तर त्यांचाच धंदा अडला असता.

माझ्या मते युरोपच्या ताकदीचा नमुना इथे दिसतो. कुठल्याही मंत्र्याने ‘आता आपण चिपयंत्रात जगात पहिले येऊ’ अशी घोषणा केली नव्हती. एका अवघड कामाला लोक दशकानुदशकं चिकटून राहिले, भोवताली एकेका भागात निष्णात पुरवठादार उभे राहिले, आणि गरज पडली तिथे परदेशी कंपनी विकत घेण्याइतकं भांडवल हाताशी होतं. आपण सगळं स्वतः बनवतो, असा एएसएमएलचा दावा नाही. तिच्यावाचून इतरांचं अडतं, एवढं तिला पुरतं. निरोगी युरोपात अशा डझनभर जागा असतील.

नियम दोन प्रकारचे

युरोप फक्त नियम बनवतो, असं नेहमी म्हटलं जातं. नियमांनीच युरोपने जग बदलल्याचं एक उदाहरण मात्र आपल्या खिशात आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक देशाची मोबाइल यंत्रणा वेगळी होती, आणि जर्मनीतला कारफोन फ्रान्समध्ये चालत नसे. १९८२ मध्ये टपाल आणि दूरसंचार खात्यांच्या युरोपीय परिषदेने एक गट नेमला. १९८७ मध्ये तेरा देशांच्या दूरध्वनी कंपन्यांनी एकच डिजिटल यंत्रणा वापरण्याच्या करारावर सह्या केल्या. ती जीएसएम. तिच्यावर पहिला कॉल झाला १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये. फोन कोणाचाही, नेटवर्क कोणाचंही, मध्ये सिमकार्ड. फिनलंडच्या नोकियाला आणि स्वीडनच्या एरिक्सनला एकदम अख्ख्या खंडाची बाजारपेठ मिळाली, पुढे जगाची. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत तेव्हाचे दूरसंचारमंत्री सुखराम यांना भारतातला पहिला मोबाइल कॉल केला, तोही जीएसएमवरच आणि नोकियाच्या हँडसेटवरून.

जीएसएम हा जोडणारा नियम होता. त्याने कंपन्यांना सांगितलं की आपापसांत जुळवून घ्या, मग स्पर्धा करा. त्यानंतरचे बरेच युरोपीय नियम रोखणारे आहेत. २०१८ चा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा आणि २०२४ मध्ये अंमलात आलेला कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा यांचा हेतू मला मनापासून पटतो. माणसाची माहिती म्हणजे कोणीही उचलावा असा माल नव्हे, हे कोणीतरी कायद्याने सांगायलाच हवं होतं. पण शंभर वकील पदरी असलेल्या कंपनीला असा कायदा पेलतो आणि बारा जणांच्या कंपनीला तो जड जातो. भरीला एकाच कायद्याचा अर्थ डब्लिनची यंत्रणा एक लावते आणि हॅम्बुर्गची दुसरा. सर्वसामान्य माणसाच्या पदरात मात्र कुकीच्या चौकटीवर ‘मान्य’ दाबायची सवय पडली.

अलीकडे जोडणारे नियम पुन्हा दिसू लागलेत, ही समाधानाची बाब आहे. डिसेंबर २०२४ पासून फोनला एकच यूएसबी-सी चार्जर सक्तीचा झाला. डिजिटल बाजारांच्या कायद्याने व्हॉट्सॲपला इतर मेसेजिंग सेवांसाठी दार उघडायला लावलं. आणि सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला डेटा कायदा सांगतो की, ग्राहकाला एका क्लाउडवरून दुसऱ्यावर जायचं असेल तर कंपनीने अडवायचं नाही. माहिती बाहेर नेण्याचं शुल्कही १२ जानेवारी २०२७ पासून पूर्ण बंद होणार आहे. ही तरतूद कोरडी वाटते, पण माझ्या लेखी ती दहा ‘युरोपीय गूगल’ प्रकल्पांपेक्षा मोलाची आहे. सोडून जाता येतं म्हटल्यावर मोठी कंपनीही नीट वागते.

उगवतात इथे, वाढतात तिकडे

समजा, स्लोव्हेनियाच्या राजधानीत, लुब्लियानात, चार इंजिनिअर मैत्रिणींनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवलं. माल चांगला आहे. स्लोव्हेनियाची लोकसंख्या वीसेक लाख, म्हणजे गिऱ्हाईक लवकर संपतं. मग शेजारच्या इटलीत जायचं, तर कंपनीची नोंदणी वेगळी, कामगार कायदा वेगळा, कर्मचाऱ्यांना शेअर दिले तर त्यावरचा कर वेगळा, दवाखान्यांच्या खरेदीची पद्धत वेगळी. ऑस्ट्रियात हेच पुन्हा पहिल्यापासून. जीएसटीपूर्वी आपल्याकडे मालाचा ट्रक जसा दर शहराच्या जकात नाक्यावर थांबायचा, तशी ही कंपनी दर देशाच्या वेशीवर थांबते. युरोपच्या आतल्या अशा अडथळ्यांचा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने अंदाज काढला आहे. ते वस्तूंवर सुमारे ४५ टक्के आणि सेवांवर ११० टक्के आयातकर लावल्यासारखे आहेत. ट्रम्प यांच्या करांची इतकी चर्चा होते. युरोपने स्वतःच स्वतःवर लावलेला हा कर त्याहून भारी आहे.

मग पैशाचा प्रश्न येतो. पहिले दहा-वीस लाख युरो युरोपात मिळतात. पुढचे दहा कोटी लागतात तेव्हा फोन कॅलिफोर्नियाला लावावा लागतो. युरोपियन माणूस बचत करत नाही असं अजिबात नाही. इटलीचे माजी पंतप्रधान एन्रिको लेट्टा यांच्या युरोपच्या बाजारपेठेवरच्या एप्रिल २०२४ च्या अहवालानुसार दर वर्षी सुमारे ३०० अब्ज युरोंची युरोपीय बचत परदेशी बाजारांकडे, मुख्यतः अमेरिकेकडे वळते. त्याच पैशातून अमेरिकन फंड युरोपातल्या होतकरू कंपन्या विकत घेतात. इटलीचेच दुसरे माजी पंतप्रधान मारिओ द्राघी यांनी सप्टेंबर २०२४ च्या अहवालात परिणाम मांडला आहे. २००८ ते २०२१ या काळात युरोपात जन्मलेल्या आणि अब्ज डॉलर मूल्याच्या वर गेलेल्या कंपन्यांपैकी जवळपास ३० टक्के कंपन्यांनी आपलं मुख्यालय बाहेर हलवलं. जगातल्या पहिल्या ५० तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये युरोपच्या फक्त चार.

कंपनी विकली गेली म्हणजे सगळं गेलं, असंही नाही. स्काइप २००३ मध्ये एका स्वीडिश आणि एका डॅनिश उद्योजकाने काढलं, आणि त्याचं सॉफ्टवेअर टॅलिनमधल्या एस्टोनियन इंजिनिअरांनी लिहिलं. २००५ मध्ये ईबेने ते घेतलं, २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने, आणि मे २०२५ मध्ये ते बंदही झालं. पण २००५ च्या विक्रीचा पैसा आणि अनुभव टॅलिनमध्ये मुरला. स्काइपचा पहिला कर्मचारी टावेत हिनरिकुस लंडनमध्ये राहत होता आणि पगार युरोत मिळत होता. त्याचा मित्र क्रिस्टो कारमान याला पगार पौंडात होता, पण एस्टोनियातल्या घराचे हप्ते युरोत भरायचे होते. दोघांनी बँकेला मध्ये न घेता बाजारभावाने आपापसांत अदलाबदल सुरू केली. त्यातून २०११ मध्ये वाइज उभी राहिली. लंडन किंवा बर्लिनहून घरी पैसे पाठवणारी अनेक मराठी मंडळी आज ती वापरतात. निरोगी क्षेत्रात हे चक्र असंच फिरतं. एका कंपनीत तयार झालेली माणसं त्याच गावात पुढच्या पाच कंपन्या काढतात. अर्थात, त्याच वाइजच्या भागधारकांनी २०२५ मध्ये शेअर बाजारातली मुख्य नोंदणी लंडनहून अमेरिकेत न्यायला मंजुरी दिली. चक्र फिरलं, पण एका जागी येऊन अडकलं.

लेट्टांनी यावर एक उपाय सुचवला आहे. २७ देशांचे २७ कायदे राहू द्यावेत, आणि त्यांच्या जोडीला अठ्ठाविसावी, अख्ख्या युरोपला लागू होणारी कंपनी-व्यवस्था ठेवावी. हवी त्याने ती निवडावी. लुब्लियानाच्या त्या मैत्रिणींनी एकदाच नोंदणी केली की लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत मोकळं. मला युरोपपुढच्या सगळ्या प्रस्तावांत हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर सर्वांत कमी बोललं जातं, कारण त्यात फीत कापायला कारखाना नसतो.

फीत कापायच्या प्रकल्पांचा इतिहास फार वाईट आहे. २००५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीने गूगलला टक्कर देणारं सर्च इंजिन म्हणून क्वेरोची घोषणा केली, आणि पुढच्या वर्षाच्या शेवटी जर्मनी बाहेर पडला. मग गाया-एक्स आलं, युरोपचा स्वतःचा क्लाउड म्हणून. त्यात सदस्य म्हणून अमेरिकन आणि चिनी कंपन्याही येऊन बसल्या. २०२१ मध्ये स्केलवे या फ्रेंच क्लाउड कंपनीने वैतागून बाहेरची वाट धरली. २०२३ च्या चिप कायद्याने जगातल्या चिप उत्पादनात २०३० पर्यंत २० टक्के वाट्याचं लक्ष्य ठेवलं. युरोपच्या लेखापरीक्षकांच्या हिशेबाने हा वाटा १२ टक्क्यांच्याही आत राहील. जर्मनीत माग्देबुर्गला इंटेलचा जो प्रचंड कारखाना सरकारी मदतीवर यायचा होता, तो कंपनीने जुलै २०२५ मध्ये रद्द केला.

गिऱ्हाईक म्हणून सरकार

अनुदानापेक्षा नेमाने येणारं गिऱ्हाईक बरं. युरोपातल्या सरकारी खात्यांची, नगरपालिकांची, दवाखान्यांची खरेदी युरोपच्या जीडीपीच्या सुमारे १४ टक्के आहे. या खरेदीतला थोडा भाग स्थानिक आणि मुक्त सॉफ्टवेअरकडे वळला तरी चित्र पालटेल. म्युनिक शहराने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीकडे जायचं ठरवलं, हजारो संगणक बदललेही, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा ठराव केला. उत्तर जर्मनीतलं श्लेस्विग-होल्स्टाइन हे राज्य आता तीच वाट जास्त सावधपणे चालतंय. तिथे आधी लिबरऑफिस हे मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअर आणलं, मग ईमेल. ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४०,००० हून जास्त मेलबॉक्स हलवून झाले होते. मध्यंतरी कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आल्या. कोणत्याही ऑफिसात रोजचं काम अडलं की येतातच. या वेळी वरिष्ठ मागे हटले नाहीत, एवढा फरक आहे.

सरकारने मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून घेऊ नये. त्याच्या देखभालीचे पैसे द्यावेत. लिनक्स हेलसिंकीत सुरू झालं, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा ॲमस्टरडॅममध्ये, वेब जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत. जगाच्या संगणकांचा पाया घालण्यात युरोपचा हात मोठा आहे, आणि त्या पायावरचा नफा मुख्यतः दुसरीकडे जातो. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरची डच कंपनी २००२ मध्ये बुडाली, तेव्हा वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याचा कोड गुंतवणूकदारांकडून सोडवून घेतला. त्याच ब्लेंडरवर लॅटव्हियात बनलेल्या ॲनिमेशनपटाला २०२५ चं ऑस्कर मिळालं. जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी वेगळा निधी काढला. तो शंभरपट मोठा असायला हवा.

पैसे चुकते करण्याच्या बाबतीत तर युरोपने भारताकडून शिकावं. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि भाजीवालीपर्यंत पोचलं. युरो वापरणाऱ्या अनेक देशांत कार्ड घासलं की व्यवहार अजून व्हिसा किंवा मास्टरकार्डवरूनच जातो. वेरो ही बँकांनी मिळून काढलेली सेवा २०२४ मध्ये सुरू झाली, पण ती अजून मोजक्याच देशांत आहे.

माणसांचा प्रश्न मी शेवटी घेतोय, तरी तो सगळ्यांत अवघड आहे. एएसएमएलच्या नेदरलँड्समधल्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक डच नाहीत, आणि आइंडहोव्हनच्या रस्त्यावर मराठी ऐकू आली तर नवल वाटायला नको. पुण्यात जर्मन शिकणारी, डॉइश बँकेच्या किंवा सीमेन्सच्या इथल्या केंद्रांत काम करणारी मुलं-मुली युरोपकडे डोळे लावून असतात. २०२३ च्या अखेरीस डच संसदेने परदेशी कुशल कामगारांची करसवलत कमी केली, परदेशी विद्यार्थ्यांची संख्या घटवायची चर्चाही जोरात होती. जानेवारी २०२४ मध्ये एएसएमएलच्या प्रमुखांनी उघडपणे बजावलं की, माणसं मिळाली नाहीत तर कंपनीला दुसरीकडे वाढावं लागेल. मार्चमध्ये सरकारने ‘बेथोव्हन’ नावाची २.५ अब्ज युरोंची योजना जाहीर केली. तो पैसा प्रयोगशाळांसाठी कमी आणि आइंडहोव्हन परिसरातली घरं, रस्ते, विजेच्या जोडण्या आणि तंत्रशिक्षण यांसाठी जास्त होता. करसवलत कापण्याचा निर्णय घेताना या खर्चाचा हिशेब कोणी केला नव्हता.